गांधीलमाशी पाहावी ती शिकारीच्या जागी

वळचणीला लहान, तांबूस गांधीलमाश्यांचं उघडं कागदी पोळं असेल आणि तिथे एकाएकी पळापळ उडाली, तर कॅमेरा घेऊन बाहेर यावं. बहुधा मोठी गांधीलमाशी आलेली असते. काळपट, भरभक्कम अंगाची आणि पोटावर एकच रुंद पिवळा-नारिंगी पट्टा मिरवणारी. शास्त्रीय नाव व्हेस्पा ट्रॉपिका.

पुढचा प्रसंग नीट पाहण्यासारखा असतो. ती थेट पोळ्यावर उतरते. लहान माश्या प्रतिकार असा करतच नाहीत. पोळं सोडून आसपासच्या पानांवर, भिंतीवर जाऊन बसतात. ट्रॉपिका एकेका घरात डोकं घालते, बंद घराचं झाकण जबड्याने फाडते, आतली अळी खेचून काढते आणि तिथेच बसून चावून तिचा गोळा करते. तो घेऊन उडते आणि काही वेळाने परत येते. असं पोळं रिकामं होईपर्यंत चालू राहतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गडगकर यांनी रोपालिडिया मार्जिनाटा या लहान गांधीलमाशीच्या समाजजीवनाचा अनेक दशकं अभ्यास केला. तिच्या प्रमुख शत्रूंमध्ये ट्रॉपिकाची गणना होते.

हा गोळा ती स्वतःसाठी नेत नाही. प्रौढ गांधीलमाशीची कंबर इतकी बारीक असते की घन अन्न तिच्यातून पलीकडे जातच नाही. मांस खातात तिच्या घरच्या अळ्या, आणि त्या बदल्यात तोंडातून पोषक द्रव देतात. तो पिऊन प्रौढ माश्या पुन्हा शिकारीला निघतात. मोठ्यांचं पोट लहानांवर चालणारं हे घर मला गांधीलमाशीच्या नांगीपेक्षा कितीतरी अद्भुत वाटतं.

फोटोसाठी माणसं मात्र नेमकी तिच्या स्वतःच्या घरट्यापाशी जातात. ट्रॉपिकाचं घरटं बहुधा जमिनीतल्या किंवा झाडाच्या पोकळीत असतं, त्यामुळे बाहेरून दिसतं फारच थोडं, आणि जोखीम सगळ्यात मोठी. आपला उच्छ्वास, फांदीला बसलेला धक्का, जमिनीवरचा जड पाय एवढंही त्यांना बिथरवायला पुरतं. तिच्या नांगीला मधमाशीसारखे अडकून राहणारे काटे नसतात, म्हणून ती पुन्हा पुन्हा डंख करू शकते. घरट्याजवळ एखादी चिरडली, तर तिच्या विषाबरोबर सुटणारा इशाऱ्याचा गंध इतरांना बाहेर काढतो. अनेक डंख झाले किंवा एका डंखानेही श्वास लागला, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठावा. शिकारीत गुंतलेल्या एकट्या माशीला मात्र आपल्याशी काही देणंघेणं नसतं. दोन-तीन मीटरांवर शांत उभं राहिलं, की ती आपलं काम करत राहते.

आग्या मोहोळाच्या आसपास घिरट्या घालणारी गांधीलमाशी तर दुर्बिणीतून किंवा लांब पल्ल्याच्या लेन्सनेच पाहावी. ती जवळ येताच मोहोळावरच्या माश्या ओळीने पोट वर उचलतात आणि स्टेडियममधल्या प्रेक्षकांसारखी एक लाट पोळ्यावरून सळसळत जाते. गेराल्ड कास्टबर्गर आणि सहकाऱ्यांनी नेपाळमध्ये याचं चित्रण करून 2008 मध्ये दाखवून दिलं, की या लाटा गांधीलमाशीला खरोखरच मागे रेटतात. मोबाइलच्या स्लो मोशनमध्येही ही लाट उत्तम उतरते, पण मोबाइलसाठी जवळ जाण्याचा मोह आवरायलाच हवा. सातेरी माश्यांची तऱ्हा आणखी वेगळी. त्या शत्रूला गराडा घालून, उडण्याचे स्नायू थरथरवून मधलं तापमान 45 अंशांच्या वर नेतात आणि त्याला भाजून मारतात.

कॅमेऱ्याचं म्हणाल, तर 100 मिमीची मॅक्रो लेन्स आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका शटर वेग बसलेल्या माशीसाठी भरपूर होतो. उडतीचे पंख गोठवायचे, तर वेग आणखी वाढवावा लागतो. चेहऱ्याचा फोटो देखणा येतो, यात शंका नाही. पण ओळख पटते ती पाठीवरून. ट्रॉपिकाच्या पोटाचा दुसरा खंड पिवळा असतो, तर तिच्यासारख्याच दिसणाऱ्या व्हेस्पा अफिनिसचे पहिले दोन्ही. मिशा स्पष्ट आल्या असतील, तर पेरं मोजावीत: मादीला 12, नराला 13. नराला नांगी नसते. असाच पट्टा घेऊन फिरणाऱ्या सोंगाड्या माश्याही असतात, तेव्हा पंख दोन आहेत की चार, तेही पाहावं.

असा फोटो तारीख आणि ठिकाणासह आयनॅचरलिस्टवर टाकावा, शिकार जबड्यात असेल तर तीही दिसेल असा. हीच ट्रॉपिका 2016 मध्ये पॅसिफिक महासागरातल्या ग्वाम बेटावर परकी पाहुणी म्हणून सापडली. तिथे तिला रोखायचं, तर ती मायदेशी कुठे राहते आणि काय खाते हे आधी माहीत हवं, आणि तिचा मायदेश आपल्या अंगणापासूनच सुरू होतो.