चिवडा देतेस? आधी हिंगाची डबी दाखव!

दिवाळीची सुट्टी संपवून हॉस्टेलवर परतलं, की पहिल्या रात्री एकच कार्यक्रम असतो. सगळ्यांचे डबे उघडायचे आणि फराळावर तुटून पडायचं. गेल्या वर्षी माझी रूममेट मात्र नुसती बघत बसली होती. तिला सिलिअ‍ॅक आहे. गहू, जव अशा धान्यांतलं ग्लूटेन पोटात गेलं, की शरीर स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करतं. हे डाएटचं फॅड नाही. ग्लूटेन आयुष्यभर टाळणं हाच त्यावरचा उपाय.

शंकरपाळी, करंजी मैद्याची. रव्याचा लाडूही गव्हाचाच. म्हणून मी तिच्यापुढे चिवडा केला. ‘‘अगं, पोह्यांचा आहे. खा बिनधास्त!’’ दुसऱ्या दिवशी ती पोट धरून झोपून होती.

घरी फोन करून आईला हिंगाच्या डबीवरचं बारीक अक्षर वाचायला लावलं. त्यात चक्क गव्हाचं पीठ! शुद्ध हिंग फार उग्र असतो, त्यामुळे बाजारातल्या हिंगात डिंकासोबत मैदा किंवा तांदळाचं पीठ मिसळतात. वर चिवड्यातले दाणे तळले होते शंकरपाळ्यांच्याच तेलात!

म्हणजे ‘यात मैदा नाही’ एवढ्याने भागत नाही. चकलीची भाजणी तांदूळ-डाळींची असली, तरी काही घरांत तिच्यात मूठभर गहू पडतो. शिवाय गिरणीत आधी गहू दळला असेल, तर तेही पीठ मिसळतं. अनारसे तांदूळ-गुळाचे, पण तळणीचं तूप कुठलं? विकतचं घेताना पाकिटावर ‘ग्लूटेन फ्री’ लिहिलंय का, ते बघा. एफएसएसएआयच्या नियमानुसार अशा पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही.

आणि ‘एवढ्याने काय होतंय?’ हा आग्रह तर नकोच.

यंदा आईने पहिला घाणा तिच्यासाठी काढला. घासलेली कढई, नवं तेल, तांदळाच्या पिठाचा हिंग. डब्यावर चिठ्ठी : ‘हा फक्त तिचा. दुसऱ्याचा चमचा घालू नये.’

रूममेटने आधी माझ्याकडून हिंगाच्या डबीचा फोटो मागवला, झूम करून वाचला आणि मगच पहिला घास घेतला. मला अजिबात राग आला नाही.