ग्लुकोजचं पाणी, सातवा महिना आणि माहेर

मुंबईच्या चारकोपमधली बाई बाळंतपणासाठी कांदिवलीच्या शताब्दीत, म्हणजे महापालिकेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालयात नाव नोंदवो, नाहीतर घराजवळच्या नर्सिंग होममध्ये. गरोदरपणातल्या मधुमेहाच्या तपासणीसाठी कधी ना कधी तिच्या हातात ग्लुकोजचा ग्लास यायलाच हवा. ३०० मिलिलिटर पाण्यात ७५ ग्रॅम पूड. चहाच्या चमच्याने मोजली तर पंधराएक चमचे साखर. पाच-दहा मिनिटांत हे पाणी संपवायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. आधीच मळमळत असताना ते मिट्ट गोड पाणी घशाखाली उतरवणं किती जड जातं, हे ज्यांनी प्यायलंय त्याच जाणतात. पहिल्या अर्ध्या तासात उलटी झाली, तर दुसऱ्या दिवशी तपासणी पुन्हा करतात. त्यानंतर झाली, तर ठरल्या वेळी रक्त घेतात. एवढं आधी माहीत असलं तरी निम्मी धास्ती कमी होते. घोट घोट घ्यावं, दोन तास फेऱ्या न मारता बसून राहावं, आणि रक्त देऊन झाल्यावर खायला डबा सोबत ठेवावा.

सरकारी पद्धतीत या तपासणीला उपाशी यावं लागत नाही. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती आपल्याकडच्या बायकांची ओढाताण पाहूनच मांडली. घरातल्यांचे डबे भरून, रिक्षा-बस करून येणारी गरोदर बाई दुपारपर्यंत उपाशी कशी राहणार? आणि ‘उद्या उपाशी या’ म्हणून परत पाठवली, तर ती येईलच याचा काय भरवसा? तेव्हा जेवली असो वा नसो, ग्लुकोज द्या आणि एकदाच सुई टोचा. आकडा १४० किंवा त्याहून वर आला, तर गरोदरपणातला मधुमेह समजून उपचार सुरू करा. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतही हेच आहे. खासगी लॅबमध्ये मात्र बऱ्याचदा उपाशीपोटी बोलावून तीनदा रक्त घेतात आणि तिथल्या मर्यादा ९२, १८०, १५३ अशा असतात. त्यामुळे जावेचा रिपोर्ट आपल्या रिपोर्टशेजारी ठेवून घाबरू नये. एकदाच सुई टोचण्याच्या पद्धतीत काही जणी निसटतात, असा संशोधकांचा आक्षेप आहे आणि तो रास्त आहे. आईवडिलांना मधुमेह असेल किंवा आधीचं बाळ फार वजनदार झालं असेल, तर उपाशीपोटीची तपासणीही करायची का, हे डॉक्टरांना जरूर विचारावं.

‘शुगर निघाली’ हे घरी कळलं, की पहिला प्रश्न ठरलेला: ‘गोड खूप खात होतीस का?’ या प्रश्नाचा मला मनापासून राग येतो. बाळाला साखर कमी पडू नये म्हणून वारेतून निघणारी हार्मोन्स आईच्या इन्सुलिनचा जोर मंदावतात. त्यावर मात करायला आईचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवतं. काहींचं स्वादुपिंड या वाढत्या कामाला पुरं पडत नाही. यात त्या बाईचा काय गुन्हा? पुढे बाळाचं काय होतं, ते डेन्मार्कच्या यॉर्गेन पेडरसन यांनी १९५० च्या दशकात मांडलं. आईच्या रक्तातली साखर वारेतून पलीकडे जाते, इन्सुलिन जात नाही. मग बाळच स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवू लागतं आणि अंगावर चरबी चढते. प्रसूतीत खांदे अडकण्याचा धोका वाढतो. नाळ कापली की आईकडून येणारी साखर थांबते, पण बाळाचं इन्सुलिन लगेच ओसरत नाही आणि त्याची साखर झपकन उतरू शकते. म्हणून टाचेला टोचून रक्त तपासतात आणि पहिल्या तासातच अंगावर पाजायला सांगतात.

दुसरं वाक्यही ठरलेलं: ‘ती तर काडीसारखी आहे, तिला कुठली शुगर?’ त्याचं उत्तर पुण्यात मिळालं. तिथल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केला. ही बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू बारीक, पण वजनाच्या मानाने चरबी चांगलीच टिकलेली. दिसायला सडपातळ, आत चरबी जास्त, अशी आपली अंगकाठी. म्हणूनच आपल्याकडे वजनाकडे न पाहता प्रत्येक गरोदर बाईची तपासणी करायची असते.

आणि तपासून उपयोग काय, असं विचारणाऱ्यांसाठी एक आकडा. मुख्यतः ऑस्ट्रेलियात हजार बायकांवर झालेल्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत उपचार न मिळालेल्या गटात ४ टक्के बाळांना गंभीर त्रास झाला, उपचार मिळालेल्या गटात १ टक्क्याला.

उपचाराची सुरुवात ताटापासून होते. भीतीपोटी भात-पोळी एकदम बंद करून उपाशी राहणं हा उपचार नव्हेच, ते बाळालाही मानवत नाही. भाताचा डोंगर लहान करायचा, उसळ, अंडं किंवा मासा वाढवायचा, पोह्यांत भरपूर मटार-शेंगदाणे घालून वाटी छोटी घ्यायची. फळांचा रस टाळून आख्खं फळ खायचं. उपासाची साबुदाणा खिचडी या महिन्यांत तरी नको. तीन मोठ्या जेवणांऐवजी थोडं थोडं पाच-सहा वेळा खायचं आणि जेवल्यावर चालायचं. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने वसवलेल्या चारकोपच्या सेक्टरांत मधल्या चौकाभोवती छोट्या प्लॉटवरची घरं आहेत. रात्री जेवून त्या चौकात वीस मिनिटं फेऱ्या माराव्यात आणि सोबतीला नवऱ्याने जावं. सासूबाईंनी सुनेसाठी वेगळं रांधण्यापेक्षा सगळ्या घरानेच तसं जेवावं. तिच्या पानापुरताच नियम लावला की ती एकटी पडते. दोन आठवड्यांनंतरही जेवणानंतर दोन तासांची साखर १२० किंवा त्याहून वर राहिली, तर मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिन देतात. इन्सुलिनच्या नावाने घरात रडारड होते. पण ते वारेतून बाळापर्यंत पोचत नाही आणि बहुतेक जणींचं बाळंतपणानंतर बंदही होतं.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती तारखांची. पहिली तपासणी नाव नोंदवताना होते आणि ती चांगली आली, तरी २४ ते २८ आठवड्यांत दुसरी करायचीच असते, कारण वारेची हार्मोन्स जोर धरतात ती तेव्हा. हाच आपल्याकडे सातवा महिना. डोहाळजेवण उरकतं, बॅग भरली जाते आणि पोरगी कोकणात किंवा घाटावर माहेरी जाते. चारकोपच्या दवाखान्याला वाटतं तिकडे होईल, तिकडच्यांना वाटतं मुंबईत झाली असेल. निघण्याआधी तपासणी करून केसपेपर आणि रिपोर्ट बॅगेत वरच ठेवावेत. राहिलीच, तर गावाकडच्या सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथे स्वतःहून सांगावं.

बाळ झालं की सगळं घर बाळाकडे वळतं आणि आईची शुगर विसरली जाते. खरं तर या बायकांना पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो. सहा आठवड्यांनी आईची तपासणी पुन्हा करायची असते, या वेळी उपाशीपोटी. योगायोगाने बाळाची दीड महिन्याची लस याच सुमारास येते. लसीच्या दिवशी आईने सकाळी काही न खाता निघावं. बाळाला आजीने घ्यावं, म्हणजे आईला दोन तास बसता येईल. आकडा चांगला आला तरी पुढे दरवर्षी एकदा तपासावं, आणि पुढच्या वेळी दिवस गेले की नाव नोंदवताना आधीच्या शुगरबद्दल पहिल्याच भेटीत सांगावं.