सवलतीचे गिऱ्हाईक कसे ओळखावे?

गांधी जयंती जवळ आली की खादी भांडारांच्या दारांवर सवलतीच्या पाट्या लागतात. 1923 साली झेंडा सत्याग्रहास जेथून प्रारंभ झाला, त्या जबलपूरला खादी नवी नाही. आणि चादरी, सदऱ्याचे कापड, टॉवेल ह्यांची खरेदी ऑक्टोबरच्या सवलतीपर्यंत लांबणीवर टाकणारी घरेही नवी नाहीत. दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमधील खादी भवनात 2 ऑक्टोबर 2023 ह्या एका दिवशी दीड कोटी रुपयांहून अधिक विक्री झाली. एवढी गर्दी पाहून विक्रेत्याच्या मनात आनंदाबरोबर एक प्रश्नही उभा राहावयास हवा. ह्यांपैकी किती जण सवलतीमुळे आले, आणि किती जण सवलत नसती तरी आलेच असते?

पूर्वी ह्या प्रश्नाचे उत्तर अनुभवी दुकानदाराच्या नजरेत असे. ऑनलाइन दुकानात गिऱ्हाईक समोर उभे राहत नाही. परंतु त्याची प्रत्येक खरेदी, तिचा दिनांक आणि दिलेली किंमत ह्यांची नोंद आपोआप राहते. ह्या नोंदींवरून उत्तर कसे काढावयाचे ते आता पाहू.

नोंदवहीचा पहिला कौल

समजा, जबलपूरच्या बड्या फुहाऱ्याजवळचे एक दुकान हातमागाच्या चादरी ऑनलाइन विकते. वर्षातील 365 दिवसांपैकी 73 दिवस, म्हणजे एकपंचमांश दिवस, तेथे सवलत असते. एका गिऱ्हाइकाने दोनदा खरेदी केली आणि दोन्ही वेळा ती सवलतीच्या दिवसांतच केली. हे गिऱ्हाईक सवलतीवाचून येत नाही, असे म्हणता येईल काय?

इतक्यात म्हणता येणार नाही. ज्याला सवलतीची दखलही नाही असा माणूस वर्षातील कोणत्याही दिवशी येऊ शकतो असे धरले, तर त्याची एक खरेदी सवलतीच्या दिवशी पडण्याचा संभव पाचांत एक आहे. दोन्ही खरेद्या तशा पडण्याचा संभव पंचविसांत एक. दोनदा खरेदी करणारी अशी 2000 माणसे असतील, तर त्यांतील सुमारे 80 जण निव्वळ योगायोगाने ‘सवलतीचे’ दिसतील. उलट, पाच खरेद्यांपैकी पाचही तशा पडण्याचा संभव 3125 मध्ये एक आहे. 2000 माणसांत असा योगायोग सरासरीने एकदासुद्धा घडत नाही. तात्पर्य, थोड्या खरेद्यांवरून कोणावरही शिक्का मारू नये.

मोजणीपूर्वी वहीसुद्धा स्वच्छ करावी लागते. परत केलेल्या वस्तू वगळाव्या. एकाच घरातून दोन दूरध्वनी क्रमांकांवर नोंदलेल्या खरेद्या शक्य तेथे एकत्र कराव्या. पहिली खरेदीही बाजूला ठेवावी. कारण अनेक दुकाने नवागताला स्वागत म्हणून सवलत देतात, आणि तीवरून त्याच्या सवयीचा बोध होत नाही.

सणांचा घोटाळा

येथे एक मोठी अडचण आहे. सवलतीचे दिवस बहुधा दसरा-दिवाळीच्या आसपास असतात, आणि त्या दिवसांत लोक सवलत नसतानाही खरेदी करतातच. समजा, आपल्या दुकानाच्या खरेद्यांपैकी दोनपंचमांश खरेद्या सणांमुळेच त्या दिवसांत होतात. मग वरचे सर्व आकडे बदलतात. दोन्ही खरेद्या सवलतीत पडण्याचा संभव पंचविसांत चार होतो, म्हणजे 2000 माणसांत 80 ऐवजी 320 जण. पाचही खरेद्या तशा पडणारे सुमारे 20 जण निघतात. बिचाऱ्यांचा दोष एवढाच की ते दिवाळीला चादरी बदलतात!

ह्यावर उपाय असा की सणाशी संबंध नसलेल्या दिवसांतील सवलतीकडे पाहावे. भर पावसाळ्यात आठवडाभर सवलत ठेवली असता जो तेव्हाही आला, ऑक्टोबरातही आला, आणि मधल्या महिन्यांत मात्र कधीच फिरकला नाही, तो खरोखर सवलतीचा माग काढीत असावा असे मानण्यास अधिक आधार मिळतो.

वही काय सांगू शकत नाही

तरीही वही एक गोष्ट सांगत नाही. सवलत मिळाली नसती तर ह्या माणसाने काय केले असते, हे तिच्यात लिहिलेले नसते. एक माणूस सवलत आहे म्हणून थांबतो. ती नसल्याचे कळताच पूर्ण किमतीला घेतो. दुसऱ्याला पूर्ण किंमत परवडतच नाही. वहीत दोघांच्या नोंदी सारख्याच दिसतात. त्यांच्यातील भेद केवळ प्रयोगाने कळतो.

समजा, अशी 400 गिऱ्हाइके निवडली. चिठ्ठ्या टाकून त्यांचे 200-200 चे दोन गट केले. एका गटाला सवलतीचे कूपन पाठविले, दुसऱ्याला पाठविले नाही. चादरीची किंमत 500 रुपये, तिचा खर्च 350 रुपये आणि सवलत 100 रुपये आहे. म्हणजे पूर्ण किमतीत 150 रुपये उरतात, सवलतीत 50.

तीन महिन्यांत सवलतीच्या गटातून 60 चादरी खपल्या, तर दुकानास 3000 रुपये उरले. दुसऱ्या गटातून 45 खपल्या असतील, तर 6750 रुपये उरले. म्हणजे सवलतीने केवळ 15 चादरी अधिक खपविल्या आणि त्यासाठी 3750 रुपये हातचे गेले. परंतु दुसऱ्या गटातून फक्त 10 खपल्या असतील, तर तेथे 1500 रुपयेच उरले. मग सवलत देणे शहाणपणाचे ठरले. ह्या हिशेबात 20 चादरी ही सीमारेषा होय.

येथे एक समजूत दूर होते. सवलतीवाचून न येणारे गिऱ्हाईक हे दुकानाचे नुकसान करणारे गिऱ्हाईक, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः खर्च भागून काही उरत असेल, तर सवलत त्याच्याच ठायी सार्थकी लागते. नुकसान होते ते, जो तसाही येणार होता त्याला सवलत दिल्याने.

पैसा कोणाच्या हाती?

हा हिशेब केवळ दुकानदाराच्या कामाचा नाही. खादी आणि ग्रामोद्योग आयोग 1957 साली स्थापन झाला. पुढे अनेक वर्षे खादीस सरकारी मदत मिळे ती विक्रीवरील सवलतीच्या रूपाने. तिचा लाभ प्रामुख्याने घेणाऱ्यास होई, आणि विक्री ठरावीक दिवसांत गोळा होई. 2010 साली ती पद्धत बदलून उत्पादनाच्या मूल्यावर 20 टक्के साहाय्य देण्याची योजना आली, आणि त्यात सूत कातणाऱ्या व विणणाऱ्या कारागिरांचाही वाटा ठरविण्यात आला. भांडारांनी स्वतः सवलत देणे त्यामुळे थांबले नाही. परंतु सवलतीचा प्रत्येक रुपया कोणाच्या तरी हातून जातो, हे त्या बदलाने स्पष्ट झाले.

म्हणून सवलत सरसकट देणे आणि सरसकट बंद करणे, दोन्ही आंधळेपणाचेच. एकाने कारागिराची मजुरी पातळ होते. दुसऱ्याने वर्षभर पैसा जमवून एक चादर घेणारे घर दुकानाला मुकते. नोंदवहीने संशय घ्यावा, प्रयोगाने निर्णय द्यावा, आणि प्रयोग थोडा काळच चालवावा, म्हणजे चिठ्ठीत ज्याचे नाव निघाले नाही त्याच्यावर कायमचा अन्याय होणार नाही.