जुनी स्टेशन वॅगन घेताना

'स्टेशन वॅगन' या नावातच त्या गाडीचे काम सांगून टाकलेले आहे. अमेरिकेत रेल्वे-स्थानकावर उतरलेले उतारू आणि त्यांच्या पेट्या-वळकट्या एकाच फेरीत घरी पोहोचविणारी गाडी, ती स्टेशन वॅगन. पुढे माणसे, मागे सामान आणि दोहोंवर मिळून एकच लांब छप्पर. आपल्याकडे टेल्कोने १९९२ मध्ये 'टाटा इस्टेट' काढली. पुढे मारुतीची 'बलेनो अल्टुरा' व ओपेलची 'कोर्सा स्विंग' आल्या आणि २००४ मध्ये 'इंडिगो मरिना' आली. यांपैकी एकीचाही जम बसला नाही. पाठीमागे डिकीचे वेगळे शेपूट नसलेली मोटार आपल्या लोकांना मालगाडीसारखी वाटली असावी! आज या साऱ्या बंद आहेत. तेव्हा सहा माणसांचे घर सांभाळून काटोलकडची चार पेट्या संत्रीही आणायची आहेत अशा गृहस्थाला स्टेशन वॅगन हवी असेल, तर ती जुनीच घ्यावी लागते. यात बहुधा घरची सारी शिल्लक पणाला लागते.

जुनी मोटार कशी पाहावी हे सांगणारे पुष्कळ भेटतात आणि ते सारे प्रथम बॉनेट उघडायला सांगतात. स्टेशन वॅगनच्या बाबतीत मात्र सुरुवात मागून करावी. आधीच्या मालकाने ही गाडी ओझे वाहण्यासाठीच घेतलेली असणार. तेव्हा ते ओझे तिला किती बाधले आहे, हा पहिला प्रश्न.

रिकामी गाडी सपाट जागी उभी करवून दहा पावले दूर जाऊन बाजूने पाहावे. मागची बाजू बसल्यासारखी दिसली तर मागच्या स्प्रिंगांनी किंवा पाट्यांनी मान टाकली आहे असे समजावे. मागचा एकेक कोपरा हाताने जोराने दाबून सोडावा. गाडी एकदा वर येऊन स्थिर झाली तर ठीक. दोन-तीनदा झुलत राहिली तर शॉकअप गेले. चाकांवरच्या कमानीत आतून हात फिरवावा. तेथे टायर घासल्याच्या खुणा असतील, तर विक्रेता 'फक्त घरगुती वापर' असे कितीही सांगो, ते घर बरेच मोठे असले पाहिजे. मागचे कार्पेट उचलून पत्रा पाहावा, स्टेपनीच्या खळग्यात पाणी साचून गंज चढला आहे का तेही पाहावे.

मागच्या दाराची तपासणी बहुतेक लोक विसरतात आणि तीच या गाडीत सर्वांत महत्त्वाची. साध्या मोटारीत डिकी आणि बैठक यांच्यामध्ये निदान आडोसा असतो. येथे तो नाही. गाडी धावत असताना तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो व सायलेन्सरमधून निघालेला धूर तेथे घोटाळतो. दाराभोवतीचे रबर फाटले असेल, किंवा ठोकर बसून दार नीट मिटत नसेल, तर हा धूर आत ओढला जातो. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. विशेषतः पेट्रोल गाडीत मागे झोपलेल्या मुलांच्या तो जिवावर बेतू शकतो. कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे आणि ती ओढून पाहावी. सहज निसटली तर तेथे फट आहे. असे चहूबाजूंनी करावे. सायलेन्सरची नळी कोठे सडली आहे का, हेही वाकून पाहावे. मागच्या दाराची काच शाबूत हवी, कारण मरिनाच्या इंजिनाचे पुष्कळसे भाग इंडिकाचेच असल्याने मिळतात, पण मागची काच आणि दिवे यांच्यासाठी भंगारवाल्यांचे उंबरे झिजवावे लागतात.

आता इंजिन. ते थंड असतानाच पाहायचे, म्हणजे सकाळी, आणि 'आधी सुरू करून ठेवू नका' असे आदल्या दिवशीच बजावून. नागपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो, त्यामुळे येथल्या गाडीचे पहिले दुखणे पाण्याचे. रेडिएटरचे झाकण थंड इंजिनावरच उघडावे. गरम असता उघडले तर उकळते पाणी तोंडावर येते. पाण्यावर तेलाचा तवंग, किंवा तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर हेड गॅस्केट फुटल्याचा संशय घ्यावा. इंजिन सुरू झाल्यावर तेलाचे झाकण उघडावे. भकाभका धूर व हवा बाहेर येऊ लागली तर रिंगा-पिस्टन झिजले आहेत. निळा धूर तेल जळाल्याचा, काळा इंधन जास्त जात असल्याचा. पांढरा धूर थंड डिझेल गाडीत क्षणभर चालतो, तापल्यावरही राहिला तर चालत नाही. मरिनाच्या डिझेल इंजिनात टायमिंग बेल्ट आहे. तो कधी बदलला याचे बिल मागावे. तो चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि स्वस्तात घेतलेली गाडी भलतीच महाग पडते. अल्टुरासारख्या जुन्या पेट्रोल गाडीत इंधनाच्या रबरी नळ्या तपासाव्या. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि त्या काळचे रबर त्यासाठी बनविलेले नव्हते.

नंतर गाडी चालवून पाहावी. विक्रेता रिकाम्या रस्त्यावरून फिरवून आणू पाहतो. आपण ती बर्डीवर न्यावी. व्हरायटी चौक ते झाशी राणी चौक अशा गर्दीत दुपारच्या उन्हात एसी लावून रखडत जाताना तापमानाचा काटा चढत राहिला, तर पंखा, पाण्याचा पंप किंवा रेडिएटर यांपैकी काहीतरी नादुरुस्त आहे. मग सेमिनरी हिलचा चढ. चार धडधाकट मित्र मागे बसवून चढताना इंजिन ओरडते पण गाडी उचलत नाही, असे झाल्यास क्लच घसरतो आहे. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवावी. मरिना, अल्टुरा यांची पुढची चाके ओढतात. तेथून 'कट्‌कट्' आवाज आला तर ड्राइव्ह शाफ्टचे सांधे झिजले. इस्टेटची मागची चाके ढकलतात, म्हणून तिच्यात मागून येणारा घूं-घूं आवाज डिफरन्शियलचा असू शकतो.

यातले क्लच, शॉकअप, बेल्ट यांचा खर्च किमतीतून वळता करून घेता येतो. सडलेला पत्रा आणि तापून वाकलेले हेड मात्र कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून ती वाढवावी लागते. या साऱ्या गाड्या आता त्याच वयाच्या आहेत. नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून बरेच वाढले आहे. तेव्हा नोंदणी कोणत्या तारखेपर्यंत आहे ते भाव ठरविण्यापूर्वीच पाहावे. नमुना २९ व ३० वर विक्रेत्याच्या सह्या आपल्या समक्ष घ्याव्या. गाडीवर कर्ज असल्यास बँकेच्या सहीचा नमुना ३५ हवा. चॅसिसवरचा क्रमांक ओल्या फडक्याने पुसून स्वतः वाचावा आणि नोंदणीपुस्तकातल्या क्रमांकाशी अक्षरन् अक्षर ताडून पाहावा. तो खरवडलेला दिसला तर विसाराची रक्कम खिशातच ठेवून परत फिरावे.