दोन सारखेच रंग, आणि मजुरी मात्र तुमच्या खिशातून!

रंगकामाची कामं घ्यायला नुकतीच सुरुवात केली असेल, तर हे तुमच्याही वाट्याला येणार. ग्राहक मोबाइलवर दोन फोटो दाखवतो, "यातला कुठला लावू?" तुम्हाला दोन्ही सारखेच दिसतात. "कुठलाही लावा" म्हणालात की फसलात. भिंत झाल्यावर त्याला फरक दिसतो, आणि पुन्हा रंगवायची मजुरी तुमच्या गळ्यात.

इंटरनेटवर फिरणारी एक जोडी घेऊ. अमेरिकेतल्या शेर्विन-विल्यम्सचे 'ॲक्सेसिबल बेज' आणि 'ॲग्रीएबल ग्रे'. रंग किती उजेड परत फेकतो, याचा एक आकडा असतो, एलआरव्ही. काळा शून्याजवळ, पांढरा शंभराजवळ. बेजचा ५८, ग्रेचा ६०. उजळपणात फरक जवळपास नाहीच! फरक आहे तो छटेत. पहिला बिस्किटाकडे झुकतो, दुसरा राखेकडे. शेडकार्डच्या तुकड्यावर हे कळत नाही. शेजारी कोरा पांढरा कागद धरा, लगेच कळेल.

आता दिवे बघा. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या एलईडीत ग्रे थंड वाटतो. ३००० केल्विनच्या पिवळ्या दिव्यात बेज आणखी पिवळा होतो, आणि खाली क्रीम टाइल्स असतील तर खोली सगळी एकच रंगाची. मला विचाराल तर पांढऱ्या ट्यूबच्या हॉलला बेज, पिवळे दिवे नि क्रीम फरशी असेल तिथे ग्रे. पण ठरवायचं ते ग्राहकाच्याच भिंतीवर.

प्रायमर मारलेल्या भिंतीवर दोन बाय दोन फुटांचे चौकोन, दोन-दोन कोट. एक जोडी खिडकीच्या भिंतीवर, एक समोर. इमल्शन वाळल्यावर सहसा थोडं गडद होतं, म्हणून लगेच होकार घेऊ नका. दुसऱ्या दिवशी उजेडात दाखवा, रात्री दिव्यात दाखवा. नंतर चौकोनांच्या कडा पॉलिश पेपरने घासा, नाहीतर फायनल कोटखालून चौकट उठून दिसते.

आणखी एक. परदेशी शेड आपल्याकडे दुसऱ्या कंपनीच्या बेसमध्ये मशीनवर जुळवून मिळते, ती तंतोतंत येईलच असं नाही. त्यामुळे नमुना ज्या कंपनीचा, ज्या फिनिशचा, काम त्यातच.

याचे पैसे? कोटेशनमध्ये 'नमुना रंगकाम' अशी वेगळी ओळ टाका, लाजू नका. शेड ठरली की कंपनी, कोड, फिनिश व्हॉट्सॲपवर पाठवा. ग्राहकाचा 'ओके' आल्याशिवाय डबे टिंट करू नका; मशीनवर मिसळलेला रंग दुकानदार सहसा परत घेत नाही.