‘लई रंगलं’ म्हणजे नेमकं काय? श्रोत्यांच्या आठवणी डेटा म्हणून वापरताना

कीर्तन, भारूड, गोंधळ अशा एखाद्या सादरीकरणावर पीएचडी करायचं तुमच्या मनात असेल, तर पहिली अडचण लगेच येते. सादरीकरण होऊन गेलेलं असतं आणि हातात उरतात फक्त ऐकणाऱ्यांच्या आठवणी. मग सिनॉप्सिस मांडताना हमखास प्रश्न येतो: ‘ही तर लोकांची मतं झाली, डेटा कुठंय?’ या प्रश्नाला घाबरू नका. मतं हाही डेटाच आहे. फक्त तो कशाचा डेटा आहे, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

माझं काम जालना जिल्ह्यातल्या अखंड हरिनाम सप्ताहातल्या कीर्तनांवर आहे, म्हणून उदाहरणं तिथलीच देते. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, कुठल्याही तालुक्यात जा, क्रम साधारण तोच: पहाटे काकडा, दिवसा ज्ञानेश्वरीचं पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. अभंग बहुतेकांना पाठ असतो. तरी लोक रोज येऊन बसतात, कारण त्या अभंगाचं आज काय होणार हे कुणालाच माहीत नसतं. महाराज निरूपणाच्या ओघात एखाद्या प्रमाणाचे पहिले दोन शब्द उच्चारतात आणि मागे उभ्या गायकांनी ते तिथल्या तिथे चालीत उचलायचं असतं. मृदंगवाल्याने त्याच क्षणी ठेका धरायचा. टाळकऱ्यांना जोर चढला तर महाराज थांबतात, चाल वाढू देतात. हे सगळं आधी ठरलेलं नसतं.

याच स्वभावाचं जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे कॅलिफोर्नियातला ‘ग्रेटफुल डेड’ हा रॉक बँड. १९६५ ते १९९५ या तीस वर्षांत त्यांनी दोन हजारांहून जास्त कार्यक्रम केले. गाणी तीच, पण वाजवणं रोज वेगळं. चाहते त्यांच्या मागे गावोगाव फिरायचे, कार्यक्रम टेप करायचे, कोणत्या रात्री कोणतं गाणं कुठे वळलं यावर वाद घालायचे. बँडनेही टेप करायला मनाई केली नाही. १९८४ पासून तर टेप करणाऱ्यांना बसायला वेगळी जागाच दिली.

आता फरक बघा. तिकडे बँड एकच आणि रात्री अनेक. सप्ताहात उलटं: श्रोते तेच, मांडव तोच, कीर्तनकार रोज नवा. म्हणजे सात-आठ रात्रींची तुलना तुम्हाला आयती मिळते. याचा मोठा फायदा असा, की एकट्या महाराजांबद्दल विचारलं तर गावात कुणी वावगं बोलणार नाही. आदराचा प्रश्न असतो. पण ‘परवाचं आणि कालचं यात काय वेगळं वाटलं?’ असं विचारा, मग माणूस मोकळा होतो. ‘कालच्याला चालच लागली नाही बघा’, ‘परवा टाळकरी पेटले होते’ असं ऐकायला मिळतं.

‘कीर्तन कसं झालं?’ हा प्रश्न मुलाखतीतून काढूनच टाका. त्याला ‘लई रंगलं’ हेच उत्तर येतं आणि त्यातून तुमचा एक परिच्छेदही होत नाही. त्याऐवजी, सावरून कधी बसलात? चहाला कधी उठलात? शेजारच्याशी कधी बोललात? घरी जाताना कोणती ओळ तोंडात होती? अशा उत्तरांना वेळ आणि जागा असते, ती रेकॉर्डिंगशी ताडून बघता येतात. आणि ‘रंग भरला’, ‘चाल लागली’ हे शब्द घाईने ‘आनंद’ किंवा ‘सहभाग’ अशा कोडमध्ये कोंबू नका. चाल लागणं ही ऐकणाऱ्यांची स्वतःची मोजपट्टी आहे. प्रत्येकाला तिचा अर्थ विचारा, एकाच गावात दोन अर्थ निघतात.

रेकॉर्डिंगबद्दल थोडं सावध राहा. ग्रेटफुल डेडचा ८ मे १९७७ चा कॉर्नेल विद्यापीठातला कार्यक्रम त्यांच्या सर्वोत्तम कार्यक्रमांत मोजला जातो. पण तो कार्यक्रम खरंच इतका चांगला होता, की त्याची टेप स्वच्छ होती आणि हातोहात पसरली म्हणून नाव झालं, यावर चाहत्यांचे आजही वाद चालतात. आपल्याकडे टेपच्या जागी यूट्यूब आलं. कॅमेरा महाराजांवर रोखलेला असतो, टाळकरी अर्धे चौकटीबाहेर, आणि पुढे फिरते ती विनोदाची दोन मिनिटांची क्लिप. आठवड्याने लोक कीर्तन म्हणून तीच क्लिप सांगायला लागतात. म्हणून जमलं तर दुसऱ्या दिवशी सकाळीच बोलून घ्या, मोबाईलवर काही यायच्या आत.

कोण कुठे बसलं होतं हेही लिहून ठेवा. ज्या बायका महाप्रसादाच्या कामाला लागलेल्या असतात त्यांनी कीर्तन पाहिलेलंच नसतं, भोंग्यावर ऐकलेलं असतं. त्यांना गाणं आठवतं, हावभाव नाही. आणि साथीदारांबद्दल मुद्दाम विचारावं लागतं. पेटीची साथ जितकी चपखल तितकी ती ऐकणाऱ्याच्या लक्षात राहत नाही. अप्पा जळगावकर मूळचे जालन्याकडचेच; भीमसेन जोशींसह किती तरी मोठ्या गायकांना त्यांनी साथ केली. पण मैफलीच्या आठवणी सांगताना लोक आधी गायकाबद्दलच बोलतात.

राहिला एक प्रश्न: एकाच महाराजांच्या वेगवेगळ्या रात्रींची तुलना करायची असेल तर? त्यासाठी त्यांच्याबरोबर गावोगाव फिरलेला माणूस हवा. मृदंगवाला चालेल, पण तो स्वतःच वाजवत असतो. मी सुचवीन, गाडीच्या चालकाला गाठा. तोच अभंग त्याने कितीतरी गावांत मांडवाच्या कडेला बसून ऐकलेला असतो, आणि त्याला आजवर कुणी काही विचारलेलं नसतं.