एका बांधकाम-व्यावसायिकाची वेधशाळा

दिवसाची उलाढाल आटोपून सायंकाळी रोजकीर्द मिळवून ठेवीपर्यंत व्यापाऱ्याला आकाशाकडे पाहण्यास सवड ती कुठली? आणि ताऱ्यांच्या व्यवहारात जमेच्या बाजूस पडणार तरी काय? असा प्रश्न करणाऱ्या व्यवहारचतुर वाचकांपुढे आयझॅक रॉबर्ट्स या गृहस्थांची हकीकत ठेवावीशी वाटते.

रॉबर्ट्स १८२९ साली वेल्समध्ये जन्मले. लिव्हरपूल येथे बांधकामाच्या पेढीत त्यांनी उमेदवारी केली आणि पुढे त्याच धंद्यात संपत्ती मिळविली. शास्त्राची आवड मात्र त्यांनी धंद्याच्या धामधुमीतही सोडली नाही. १८८५ साली लिव्हरपूलजवळील मॅघल या गावी, राहत्या घरी, त्यांनी डब्लिनच्या ग्रब यांनी बनविलेली वीस इंची आरशाची दुर्बीण बसविली.

घरची वेधशाळा म्हणजे केवळ घुमट नव्हे. दुर्बिणीचा खांब जमिनीत खोल रोवून भोवतालच्या फरशीपासून अलग ठेवावा लागतो. नाहीतर निरीक्षकाच्या पावलागणिक तारा थरथरतो. छप्पर उघडल्यावर आतील हवा बाहेरच्याइतकी थंड होईपर्यंत धीर धरावा लागतो. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून तितक्याच वेगाने दुर्बिणीला ताऱ्यामागे नेणारे घड्याळी यंत्र हवे. तेही किंचित चुकतेच! म्हणून छायाचित्राची काच उघडी असेतोवर कोणीतरी जोडदुर्बिणीला डोळा लावून, तारा जागचा हलू नये याची राखण करीत बसावे लागते.

२९ डिसेंबर १८८८ च्या रात्री अशीच चार तासांची राखण झाली. देवयानी नक्षत्रातील जो तेजोमेघ नुसत्या डोळ्यांना अंधुक डागासारखा दिसतो, त्याचे चक्राकार वळसे काचेवर स्पष्ट उमटले. रॉबर्ट्स यांना वाटले, ही नवी सूर्यमाला जन्मास येत आहे. हा तर्क साफ चुकला. १९२३ साली एडविन हबल यांना त्याच तेजोमेघात एक रूपविकारी तारा सापडला आणि ती आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका असल्याचे सिद्ध झाले. आज तिचे अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे मानतात.

मग रॉबर्ट्स यांची मेहनत वाया गेली काय? मुळीच नाही. नोंद आणि अनुमान ही दोन खाती वेगळी असतात. अनुमान खोटे ठरले. पण काचेवरची नोंद चोख होती, म्हणून ती आजही प्रमाण आहे. ज्याची कीर्द स्वच्छ, त्याच्या हिशेबातील चूक पुढच्या पिढीला दुरुस्त करता येते, हे व्यापाऱ्यांना निराळे सांगावयास नकोच.

१८९० साली लिव्हरपूलचा परिसर सोडून ते ससेक्समधील क्रोबरोच्या उंचवट्यावर राहावयास गेले व दुर्बीणही सोबत नेली. १८९५ साली रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना लाभले. १९०४ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या संपत्तीचा मोठा भाग मृत्युपत्राने विद्यापीठीय शिक्षणास मिळाला. आणि पत्नी डोरोथी क्लुम्पके, ज्या स्वतः विदुषी ज्योतिर्विद होत्या, त्यांनी पतीच्या छायाचित्रांचा संग्रह प्रसिद्ध केला.

आपल्याकडेही असे उदाहरण आहे. १९०१ साली नबाब जफर जंग यांनी हैदराबादेत फिसलबंडा येथील स्वतःच्या जागेत खाजगी वेधशाळा स्थापिली. तिची पंधरा इंची दुर्बीणही ग्रब यांचीच! त्यांच्या निधनानंतर ती सरकारकडे आली आणि निजामिया वेधशाळेने आकाशाच्या आंतरराष्ट्रीय नकाशाच्या कामात मोलाचा वाटा उचलला.

आज शहरांच्या दिव्यांनी रात्र पुसून टाकली आहे. काळोख उरला तो शेतावाडीवर. ज्यांच्या पदरी गावाकडची थोडी जमीन आहे, त्यांनी तेथे लहानशी दुर्बीण बसवावी, रुळांवर सरकणारे पत्र्याचे छप्पर करावे, आणि शेजारी एक वही ठेवावी. दुर्बीण लहान असली तरी हरकत नाही. वही मात्र खरी असावी.